खुराड्यातील पोटभाडेकरू

परसातल्या कोंबडीच्या जिवावर जगणाऱ्या किड्यांचे, त्यांच्या राहण्याच्या सोयीनुसार, दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग कोंबडीच्या अंगावर जन्मतो, तिथेच वाढतो, तिथेच संसार करतो आणि तिथेच मरतो. दुसरा वर्ग फक्त जेवायला कोंबडीकडे येतो. मुक्काम खुराड्याच्या फटीत. कोंबड्यांच्या मालकांचेही दोनच वर्ग आहेत. एक ‘चालायचंच, कोंबडी म्हटली की पिसवा आल्याच’ असे म्हणून गप्प बसणारा आणि दुसरा हाताला लागेल ते औषध कोंबडीवर ओतणारा. पहिल्या वर्गाच्या कोंबड्या हळूहळू खंगतात, दुसऱ्याच्या लवकर सुटतात. कोंबडीचे मत या विषयात घेण्याची पद्धत नाही.

विषय किरकोळ नाही. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कुक्कुटांची संख्या 31 कोटींच्या वर भरली. त्यांच्या पिसांखालची वस्ती मोजायचे काम कोणी प्रगणकांवर सोपवले नाही, हे प्रगणकांचे नशीब.

अंगावरच्या रहिवाशांत उवा पहिल्या. या माणसाच्या डोक्यातल्या उवांपेक्षा निराळ्या असतात आणि माणसावर नांदत नाहीत. कोंबडी धरलेल्या हातावर त्या चढल्या तरी ते नुसते भटकणे असते. रंग वाळल्या गवतासारखा पिवळट, लांबी दोन-तीन मिलिमीटर, चाल झपझप. त्यांचा मुख्य आहार पिसे आणि कातडीचा कोंडा. लिखा पिसांच्या बुडाशी, विशेषतः शेपटीखाली, घट्ट चिकटलेल्या पुंजक्यांत सापडतात. अंड्यातून पिल्लू निघायला चार ते सात दिवस आणि अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. कोंबडी सोडून उवा फार तर पाच-सहा दिवस तग धरतात. हे आकडे पाठ करायला कंटाळवाणे आहेत खरे; पण पुढे औषध दुसऱ्यांदा कधी मारायचे हे त्यांच्यावरच ठरते. ते ज्याला ठाऊक नसते तो पहिल्या फवारणीनंतर विजयाची घोषणा करतो आणि तीन आठवड्यांनी दुकानदाराशी भांडायला जातो.

दुसऱ्या वर्गाचा म्होरक्या म्हणजे लाल माइट. हा कीटक नव्हे, कोळ्यांच्या कुळातला आठ पायांचा जीव. एक मिलिमीटरही भरत नाही. उपाशी असताना करडा दिसतो आणि जेवण झाले की लाल. दिवसभर तो दांडीच्या खालच्या बाजूला, फळ्यांच्या सांध्यात, खिळ्यांच्या भोकांत, गोणपाटाच्या घड्यांत बसून असतो. रात्री कोंबड्या दांडीवर डुलक्या घेऊ लागल्या की वर चढून रक्त पितो आणि उजाडायच्या आत घरी परततो. इतका नियमित दिनक्रम कोंबडीच्या मालकालाही जमत नाही. हवा उबदार असली की त्याची एक पिढी आठवड्याभरात तयार होते. कोंबड्या विकून खुराडे मोकळे ठेवले तरी तो अनेक महिने उपाशी राहून वाट पाहतो. भाडे न देणारा पोटभाडेकरू घरमालक गावाला गेल्यावर जसा अधिकच पक्का होतो, तशातला हा प्रकार.

गोचीड याहून चिवट. कोंबडीची गोचीड चपटी, निळसर-करडी असते आणि भिंतीच्या भेगेत किंवा झाडाच्या सालीखाली दबा धरून बसते. पूर्ण वाढलेली गोचीड एका वर्षाहून अधिक काळ उपाशी काढू शकते. ती नुसते रक्त पिऊन थांबत नाही, स्पायरोकेटोसिस नावाचा तापही कोंबड्यांना देते. त्यात कोंबडी हिरवट हगते, मान टाकते आणि मालक करणी कोणी केली याचा विचार करू लागतो.

शेवटचा मानकरी पायाच्या खवल्यांखाली राहतो. हा माइट इतका बारीक की नुसत्या डोळ्याला दिसतच नाही. दिसते ती त्याची कामगिरी. पायावरचे खवले उचकटतात, खाली चुन्यासारखे पांढरे थर साचतात आणि कोंबडीचा पाय जुन्या वडाच्या मुळीसारखा होतो. म्हाताऱ्या कोंबडीत हे अधिक आढळत असल्याने लोक त्याला वय समजतात आणि तिच्याबद्दल हळहळून सोडून देतात.

गावात या सगळ्या मंडळींना सरसकट पिसवा म्हणतात आणि सगळ्यांवर एकच औषध मागतात. निदान ही पायरी वगळली जाण्याचे हे मुख्य कारण. वास्तविक निदानाला खर्च येत नाही, फक्त झोपमोड होते. दिवसा कोंबडी पकडायची म्हणजे अंगणात तिच्यामागे धावणे आले आणि हा कार्यक्रम शेजाऱ्यांखेरीज कोणाच्याही उपयोगाचा नसतो. रात्री कोंबडी दांडीवर बसली की ती भाजीच्या पिशवीइतक्या सहज उचलता येते. एकाने ती काखेत धरावी, दुसऱ्याने मोबाइलच्या उजेडात शेपटीखालची, पंखाखालची आणि मानेजवळची पिसे उलटी फुंकावीत. पळणारे पिवळट ठिपके दिसले तर उवा. शेपटीखालची पिसे काळपट, मळकट, चिकट झाली असतील तर कोंबडीवरच राहणारा माइट. माइटांत अशीही एक जात आहे आणि ती दिवसाही तिथेच सापडते. कोंबडी स्वच्छ दिसते, पण तुरा फिका पडला आहे, अंडी कमी झाली आहेत आणि संध्याकाळी ती खुराड्यात शिरायला कुरकुरते, अशा वेळी संशयाची सुई खुराड्याकडे वळवावी. पांढऱ्या चिंधीने दांडीची खालची बाजू पुसावी. चिंधीवर लाल ओघळ उमटला की पुढचा तपास नको. ते रक्त कोंबडीचेच असते, फक्त मालकी बदललेली असते.

निदान झाले की सल्लागार जमतात. कोंबडीच्या उवांवर मत नसलेला माणूस महाराष्ट्रात अजून जन्मायचा आहे. एक म्हणतो रॉकेल चोळा. दुसरा म्हणतो तंबाखूचे पाणी. तिसऱ्याकडे गाडीचे जळके ऑइल असते आणि ते कुठेतरी वापरलेच पाहिजे अशी त्याची ठाम भूमिका असते. चौथा आवाज खाली आणून ‘पांढरी पावडर’ सुचवतो. या सगळ्या उपायांना ‘जालीम’ हे एकच विशेषण लागते आणि ते चुकीचे नाही. फक्त ते कोणासाठी जालीम आहेत, हे स्पष्ट केले जात नाही.

रॉकेलाने कातडी भाजते, पिसांवरचे तेल जाते आणि पावसात कोंबडी भिजून गारठते. तंबाखूतले निकोटिन हे एके काळी कीटकनाशक म्हणून खरोखर वापरात होते. ते कातडीतून आत जाते आणि किती गेले हे कोंबडी आडवी झाल्यावरच समजते. जळक्या ऑइलबद्दल वेगळे लिहिण्याची गरज नाही. पांढरी पावडर म्हणजे बहुधा बीएचसीच्या आठवणीवर खपणारी एखादी निनावी पुडी. बीएचसी भारतात 1997 पासून बंद आहे, पण आजीच्या काळात ती गुणकारी होती ही साक्ष अद्याप बंद झालेली नाही. ढेकणांसाठी घरोघरी असलेले डायक्लोरव्हॉसही 2020 अखेरपासून बंदीच्या यादीत आहे. तरी माळ्यावरच्या जुन्या बाटलीत थोडे उरलेले असते आणि उरलेले औषध संपवण्याची मराठी घरातली जिद्द सर्वांना ठाऊक आहे.

सीताफळाच्या बियांची पूड हा उपाय मात्र निव्वळ थोतांड नव्हे. ती किडे मारते. ती डोळ्यांचेही गंभीर नुकसान करते, कोंबडीच्या आणि चोळणाऱ्याच्याही. झाडपाल्याचे म्हणून निर्धोक, हा समज जितका जुना तितकाच निराधार आहे. कडुनिंबाचा पाला अंडी उबवायच्या टोपलीत घालायला हरकत नाही. त्याने थोडाफार अटकाव होतो, भरवस्ती उठत नाही.

या साऱ्या उपायांत एक समान दोष आहे: सगळे कोंबडीवर केले जातात. लाल माइटाचा आणि गोचिडीचा बिऱ्हाडपसारा खुराड्यात असताना कोंबडीला न्हाऊमाखू घालणे म्हणजे तिला स्वच्छ करून पुन्हा त्याच पंगतीत वाढणे. तेव्हा उपचार खुराड्यापासून सुरू करावा. परसातले खुराडे सहसा जुन्या कपाटाची दारे, पत्र्याचे तुकडे, फळकुटे आणि मालकाची हौस यांतून उभे राहिलेले असते. त्यात जितके सांधे, तितक्या खोल्या. सकाळी कोंबड्या बाहेर सोडल्या की आतला भुसा, पेंढा, गोणपाट सगळे काढून जाळावे. ते परसाच्या कोपऱ्यात ‘खत होईल’ म्हणून ठेवू नये, कारण खत होण्याआधी त्यातली मंडळी परत घरी येतात. मग खराट्याने खरवडून, फटींत उकळते पाणी ओतावे, उन्हात कडकडीत वाळवावे आणि चुन्याचा दाट हात फटी बुजेपर्यंत द्यावा. चुना पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या आत घेऊ नयेत. काही उत्साही लोक खुराड्याच्या आतून टेंभा फिरवतात. लोखंडी खुराड्याला तो मानवतो. लाकडी खुराड्यात माइट नक्की मरतात, मात्र पुढच्या रात्री कोंबड्या पडवीत झोपतात.

दांडी काढता-घालता येईल अशी असावी आणि तिची टोके भिंतीला टेकू नयेत. मुंग्या चढू नयेत म्हणून दुधाच्या कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची युक्ती घरोघरी माहीत आहे. दांडी स्वतंत्र पायांच्या घोडीवर ठेवून त्या पायांखाली तेलाचे डबे दिले तर माइटांची वर जाण्याची वाट तशीच अडते. दूध वाचवण्यासाठी सुचलेली ही अक्कल कोंबडीसाठी का सुचू नये, याला उत्तर नाही.

अंड्यांवर बसलेल्या कोंबडीकडे निराळे लक्ष हवे. खुडूक कोंबडी एकवीस दिवस एका टोपलीत जवळपास हलत नाही. दाणापाण्यापुरती उठते आणि परत बसते. किड्यांच्या दृष्टीने ही बारमाही खानावळ. अशक्त होऊन कोंबडी अंडी सोडून उठली की ‘हिला पिल्लांची मायाच नाही’ असा ठपका बसतो. टोपलीतला पेंढा कोणी उलटून पाहत नाही. प्रत्येक वेळी टोपली धुऊन, वाळवून, नवा पेंढा घालूनच कोंबडी बसवावी.

कोंबडी स्वतःही उपचार करते. तिला मातीत लोळायची जागा मिळाली की ती पिसे फुलवून, बारीक माती अंगभर उडवून, मधूनच एक पाय आभाळाकडे ताणून पडते. पाहणाऱ्याला ती मेली असे वाटून धावाधाव होते. मातीतल्या या अंघोळीचे मोल संशोधकांनी तपासले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्रात कोंबड्यांना गंधकाची भुकटी घातलेल्या पेट्या दिल्या, तेव्हा त्या वापरणाऱ्या कोंबड्यांवरचे माइट आणि उवा जवळजवळ नाहीशा झाल्या. हे काम 2012 साली प्रसिद्ध झाले. चोचीने पिसे विंचरणे हाही मोठा बंदोबस्त आहे आणि म्हणूनच चोच छाटलेल्या कोंबड्यांवर उवा अधिक माजतात. परसातल्या कोंबडीची चोच शाबूत असते, प्रश्न फक्त पावसाळ्याचा. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोरडी माती म्हणजे अप्राप्य वस्तू. त्या काळात पडवीच्या कडेला जुन्या घमेल्यात कोरडी माती, थोडी चाळलेली लाकडाची राख आणि मूठभर गंधक ठेवावे. राख थंड व कोरडी हवी. ओली राख क्षारामुळे कातडी खाते. प्लास्टिक जाळलेल्या चुलीची राख नकोच. आणि ही भुकटी कोणीही, कोंबडीनेही, नाकातोंडात ओढण्यासाठी नसते, त्यामुळे घमेले मोकळ्या हवेत असावे.

एवढे करूनही वस्ती हटत नसेल तर औषध. इथे ग्रामीण औषधशास्त्राचे अधिकृत माप पुढे येते: टोपण. बाटलीवर मिलिलिटर छापलेले असले तरी व्यवहार टोपणात होतो. ‘अहो, गुरांचं गोचिडीचं औषध आहे ना घरात? मग घाला की दोन टोपणं!’ हा सल्ला ज्या आपुलकीने दिला जातो, ती आपुलकी निःसंशय खरी असते. हिशेब मात्र चुकतो. गुरांना टोचायचे आयव्हरमेक्टिन 50 किलो वजनाला 1 मिलिलिटर या मापाने देतात. गावठी कोंबडी भरते दीड किलो. त्याच मापाने तिच्या वाट्याला 0.03 मिलिलिटर येते, म्हणजे थेंबभरच. पाच मिलिलिटरचे टोपण अडीचशे किलोच्या गाईला पुरते. हा हिशेब कोंबडीला ते औषध देण्यासाठी नव्हे, टोपण बाजूला ठेवण्यासाठी मांडला आहे. कोंबडीला कोणते औषध, किती आणि द्यायचे की नाही, हे पशुवैद्यकाने ठरवायचे.

कृषी सेवा केंद्रातही घोटाळा होतो. कोंबड्यांसाठी औषध मागितले की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, ‘क्षेत्र किती?’ कोंबड्या एकरात मोजत नाहीत, हे पटवून देईपर्यंत पुडी बांधलेली असते. पिकासाठीचे कीटकनाशक आणि जनावरांसाठीचे औषध यांत मूळ रसायन एकच असले तरी त्याची तीव्रता आणि ते ज्यात विरघळवलेले असते तो द्रव वेगळा असतो. तेव्हा बाटलीवर कोंबडीचे नाव नसेल तर ती बाटली कोंबडीची नव्हे.

परमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनसारखी औषधे पशुवैद्यकाने सांगितलेल्या मापात खुराड्यासाठी आणि गरज पडल्यास कोंबडीसाठी वापरतात. भुकटी असेल तर ती शेपटीखाली, पंखाखाली, मानेवर पिसांच्या बुडाशी लावावी. डोळे, चोच आणि दाणापाण्याची भांडी सांभाळावीत. पातळ औषध असेल तर भर उन्हाच्या दिवशी दुपारी, म्हणजे अंग संध्याकाळच्या आत सुकते. तणनाशक मारलेला पंप यासाठी कधीही घेऊ नये, कितीही धुतला तरी. लावणाऱ्याने हातमोजे घालावेत, तोंडाला फडके बांधावे, वारा पाठीवर घ्यावा आणि तंबाखू मळायचे त्या वेळेपुरते थांबवावे. हे शेवटचे बंधन सर्वात कठीण असल्याचा अनुभव आहे. परमेथ्रिन मांजराला जीवघेणे ठरते, म्हणून ओट्यावर झोपलेली मांजर आधी घरात कोंडावी. उरलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, कारण ही औषधे माशांना अतिशय घातक असतात.

बहुतेक औषधे लिखांना मारत नाहीत. म्हणून सात ते दहा दिवसांनी दुसरी फेरी लागते, तेव्हा मधल्या काळात अंड्यातून निघालेली पोरे सापडतात. ती वयात येण्याआधीच सापडतात हे महत्त्वाचे. दुसरी फेरी चुकवली की पहिलीचे पैसे वाया. खवल्या पायाचे काम निराळे आणि चिकाटीचे. पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून, जुन्या दात घासायच्या ब्रशने सैल खवले हलकेच काढावेत, मग गोडेतेल, व्हॅसलीन किंवा गंधकाचे मलम चोपडावे आणि हे काही आठवडे चालू ठेवावे. यात माइट श्वास कोंडून मरतात. खवले ओरबाडून काढू नयेत, रक्त येते. कोंबडीचे पाय रोज चोळणारा माणूस गावात चेष्टेचा विषय होतो, त्याला इलाज नाही.

आता अंड्यांचा प्रश्न, ज्यावर सगळे घर एकदम गंभीर होते. बलकाचा मोठा भाग अंडे घालण्याआधीच्या साधारण दहा दिवसांत कोंबडीच्या शरीरात भरला जातो. चरबीत विरघळणारे औषध शरीरात गेले की ते या बलकात साठते आणि औषध देऊन बरेच दिवस लोटले तरी अंड्यांतून बाहेर येत राहते. किती दिवस अंडी खायची नाहीत हे औषधागणिक बदलते. ते लेबलावर असते, नसेल तर डॉक्टरांना विचारावे लागते आणि त्या मुदतीतली अंडी फेकावी लागतात. शेजाऱ्याला भेट द्यावीत, हा मधला मार्ग नव्हे. जत्रेसाठी राखलेल्या नवसाच्या कोंबड्यालाही हाच नियम लागू आहे. देवाला चालत असेलही, रस्सा शेवटी माणसेच ओरपतात.

निनावी औषध वापरणे हा गावंढळपणाचा दोष मानावा, तर 2017 चा उन्हाळा आठवावा. नेदरलंड्स आणि बेल्जियममध्ये लाल माइटांवर निलगिरी आणि मेंथॉलचे म्हणून एक नैसर्गिक द्रावण मोठमोठ्या कुक्कुटशाळांत फवारले गेले. ते फारच गुणकारी निघाले. इतके की नंतर तपासणीत त्यात फिप्रोनिल आढळले, जे युरोपात खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांवर वापरायला बंदी आहे. लाखो अंडी नष्ट करावी लागली, जर्मनीतल्या दुकानांची फडताळे रिकामी झाली आणि प्रकरण अनेक देशांत पसरले. चौथ्या सल्लागाराची पांढरी पावडर आणि ते सुगंधी द्रावण यांत फरक फक्त वेष्टनाचा.

किडे घरात येतात कसे, हे शेवटचे. बहुतेक वेळा आठवडी बाजारातून, पाय बांधून उलट्या लटकवून आणलेल्या कोंबडीबरोबर. काही वेळा सासुरवाडीने प्रेमाने दिलेल्या तलंगीबरोबर. आणि बरेचदा जातीसाठी चार दिवस मागून आणलेल्या कोंबड्याबरोबर, जो काम संपवून परत जातो आणि सोबत आणलेली मंडळी मागे ठेवतो. चिमण्या, पारवे आणि उंदीरही हे काम फुकट करतात. शहरातल्या सदनिकांतही एसीच्या मागे पारव्यांनी घरटे केले, पिल्ले उडून गेली की उपाशी माइट खिडकीतून आत शिरतात आणि घरच्यांना खाज सुटते. माणसाच्या अंगावर ते नांदत नाहीत, चावून मात्र जातात. नवी कोंबडी कोणाच्याही घरून आली असो, दोन ते चार आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी, रात्री एकदा पिसे फुंकून पाहावी, मगच इतरांत सोडावी. देणाऱ्याच्या तोंडावर हे करू नये एवढे पथ्य पुरे.

एक-दोन कोंबड्यांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात जायला लोकांना संकोच वाटतो, म्हशीच्या रांगेत कोंबडी घेऊन उभे राहायचे कसे, म्हणून. डॉक्टरांना त्यात काही वावगे वाटत नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांकही आहे. जाताना कोंबडीबरोबर लाल डाग पडलेली चिंधी न्यावी आणि आधीच काही लावून झाले असेल तर त्याची बाटलीही न्यावी, लेबल फाटलेले असले तरी.